लाभ धरून अकरा

मी तंजावूरच्या मुलींच्या कॉलेजात फिजिकल डिरेक्ट्रेस म्हणून लागले तेव्हा आमच्या गल्लीत कोणालाच त्याचा अर्थ लागेना. राजवाड्याच्या मागची ती गल्ली, दोन्ही बाजूंना मराठी घरं. तिथल्या मुली वीणा शिकत, हरिकथा ऐकत, फार तर बी. ए. होत. थोरल्या मावशीनं विचारलं, "म्हणजे नक्की काय करतीस गे तूं?" मी म्हटलं, "मुलींस पळवतें." मावशीनं तोंडाला पदर लावला आणि आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

हे पन्नास सालानंतर दोनतीन वर्षांतलं. मद्रासला वर्षभर राहून मी खेळांचं शिक्षण घेऊन आले होते. पांढरी सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिटी असा माझा वेश. शिटीची दोरी बोटाभोवती गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची ही माझी खोड होती. आई म्हणायची, चार माणसांत तरी ते चाळे करू नकोस. डाव्या बुटाची टाच एका पत्र्यावर पडून आडवी चिरली होती, पण नवे बूट मद्रासहून मागवावे लागत, म्हणून मी तेच रेटत होते.

कॉलेजच्या मागं लाल मातीचं बास्केटबॉलचं मैदान होतं. संध्याकाळी माळी त्यावर पाणी मारून काथ्याची चटई ओढायचा. पहाटे साडेपाचला आम्ही उतरायचो तेव्हा त्यावर कावळ्याचंही पाऊल नसे. मुली अनवाणी खेळत. सुरुवातीला त्या परकर आणि दावणी घालूनच खेळायच्या. दावणी म्हणजे आमच्याकडची अर्धी ओढणीवजा साडी, चेंडू झेलायला हात वर केला की ती घसरलीच म्हणून समजा. मी पिनांचा डबा घेऊन उभी राहायचे. पुढं दोन वर्षं भांडभांड भांडून मी त्यांना गुडघ्याखाली येणारे स्कर्ट शिवून घेतले. त्या भांडणात मला जी मजा आली ती पुढं कुठल्याही सामन्यात आली नाही.

पाचेक वर्षांनी विद्यापीठाचं पत्र आलं. निरनिराळ्या कॉलेजांतून मुली निवडून विद्यापीठाचा संघ करायचा, त्याची मुख्य प्रशिक्षक म्हणून मला नेमलं होतं. दहा मुली घेऊन गावोगाव जायचं. खेळ शिकवणं हा त्यातला सोपा भाग होता. खरं काम म्हणजे घरोघर जाऊन ओट्यावर बसायचं, कॉफी प्यायची आणि मुलीच्या बापाला पटवायचं. मी जात्याच तापट. पण त्या ओट्यांवर मी अशी काही गोड बोलायचे, की माझी मलाच ओळख पटत नसे.

एका घरी मात्र गोड बोलणं चाललं नाही. आमच्याच गल्लीतलं मराठी घर. बाई विधवा, मुलगी एकुलती एक. मुलीचा काका ओरत्तनाडूकडची जमीन पाहायचा, आणि पुतणीला कॉलेजातून काढून एका बिजवराला द्यायची म्हणून टपून बसला होता. मुलगी उंच, काटक, हातातून चेंडू कधी न निसटणारी. अख्ख्या संघात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच. तिच्या आईनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं मुलीचा हात धरून माझ्या हातात दिला. "काहीं कमीजास्त झालें तर तिचा काका एक दिवस थांबणार नाहीं. हा हात सोडूं नका." मी म्हटलं, "नाहीं सोडणार."

प्रवासात मुली मोजाव्या लागत. आणि इथं माझी पंचाईत. आमच्या घरी माणसं मोजत नसत, नजर लागते म्हणून. जेवायला किती पानं मांडायची हेसुद्धा आई नावं घेऊन ठरवायची, आकडा उच्चारायची नाही. पण माझे वडील खळ्यावर भात मोजायचे ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. पहिलं माप भरलं की ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभाचं माप केळीच्या पानावर देवासाठी बाजूला ओतायचं आणि पुढच्या मापापासून 'दोन' सुरू करायचं. म्हणून मीही मुली तशाच मोजायला लागले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवायची, तिच्यावर हात ठेवून 'लाभ' म्हणायचं, मग पहिल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून 'दोन'. दहा मुली म्हणजे लाभ धरून अकरा. अकरा आले की मी शिटी वाजवायचे आणि बस सुटायची.

मुलींना याची गंमत वाटायची. त्या जागेवर कोणी बसत नसे. कोणी डबा ठेवला तर बाकीच्या ओरडत, "तिथं लाभ बसली आहे!" एक कुंभकोणमची मुलगी तर चढताना त्या जागेला नमस्कार करायची. मी रागावल्याचं नाटक करायचे. खरं सांगायचं तर शेजारी ती रिकामी जागा असली की मला बरं वाटायचं, आणि उन्हातून येऊन तिच्यावर हात ठेवला की कधीकधी ती कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी कोमट लागायची. उन्हाळ्यात तंजावूरला काय कोमट लागत नाही, असं म्हणून मी ते सोडून द्यायचे.

मैदानावरचं मात्र सोडून देता आलं नाही. एका पहाटे मुली यायच्या आधी मी पोचले. माती सारखी केलेली, ओलसर. पलीकडच्या बास्केटखाली बुटांचे ठसे होते. कॅनव्हासच्या तळाची नक्षी, आणि डाव्या टाचेवर आडवी चीर. मी होते अलीकडे, फाटकापाशी. मैदानावर पाऊलही टाकलेलं नव्हतं. ठसे दोनच होते, कोणी उभं राहून खेळ पाहावा तसे शेजारी शेजारी, आणि तिथपर्यंत येणारी पावलं नव्हती. मी माळ्याला बोलावलं. तो म्हणाला, "तुमचेच बूट टीचर, काल संध्याकाळी आला असाल." काल संध्याकाळी मी घरी तापानं पडून होते. तरी मी त्याला म्हटलं, हो, आले असेन.

असं वर्षातून चारपाचदा व्हायचं. मी कोणाला सांगितलं नाही. लग्न न केलेल्या, मुलींना पळवणाऱ्या बाईबद्दल गावात आधीच पुरेसं बोललं जात होतं, त्यात ही भर कशाला? भीती वाटायची, नाही असं नाही. पण ते ठसे नेहमी मुली खेळायच्या त्या बाजूला तोंड करून असायचे. हळूहळू मी रोज सकाळी आधी तिकडं पाहायला लागले.

पुढच्या वर्षी थंडीत आम्हाला पट्टुकोट्टैच्या पुढच्या एका गावी प्रदर्शनी सामना खेळायला बोलावलं. तिथल्या शाळेला मुलींचा खेळ सुरू करायचा होता. ठरवलेल्या बसनं सकाळी निघालो. आमच्या गल्लीतल्या त्या मुलीनं चढताना मला चिडवलं, "टीचर, येतांना मी लाभाच्या जागेवर बसतें. बघूं काय होतें." मी म्हटलं, "बस तर खरी, तंगडी मोडतें तुझी." सगळ्या ऐकून हसल्या, एवढं मराठी त्यांना कळायला लागलं होतं.

त्या गावात दिवसभर मला एकच प्रश्न. पानं किती मांडायची? दहा. हार किती? दहा. बसायला चटया? दहा. मी दहा-दहा म्हणत फिरत होते. सामना चांगला झाला. आमच्या गल्लीतली ती मुलगी एकदा आपटली आणि तिचा गुडघा फुटला, पण ती उठून खेळली. चारच्या सुमारास परत निघालो. ओरत्तनाडूला इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हरनं बस थांबवली. रस्त्याला लागूनच आमच्या राजांच्या वेळचं जुनं छत्र आहे, एके काळी यात्रेकरूंना तिथं उतरायला जागा आणि जेवण मिळायचं. मुली उतरल्या, मागच्या बाजूला पाण्यावर जाऊन हातपाय धुऊन आल्या.

ऊन उतरलं होतं. ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायला वेळ लावत होता आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. दिवेलागणीआधी मुली घरी पोचवायचा माझा शब्द होता. त्याला झापत झापतच मी चढले, रिकाम्या जागेवर हात टेकून 'लाभ' म्हटलं, आणि डोक्यांवरून हात फिरवत मागं गेले. मुली पेंगत होत्या. शेवटच्या डोक्यावर हात आला तेव्हा मी 'दहा' म्हटलं. ड्रायव्हरनं वळून विचारलं, "दहा ना, टीचर?" मी म्हटलं, "दहा. चल आता." आणि शिटी वाजवली.

दिवसभर घोकलेला आकडा कानाला बरोबर वाटला. त्या वेळी डोक्यात आलंच नाही, की माझ्या मोजणीत दहा म्हणजे नऊच मुली.

पंधरावीस मिनिटं गेली. कालव्याच्या पुलापाशी आलो तेव्हा मी चिंचभाताच्या पुड्या काढल्या. सकाळी आईनं अकरा बांधून दिल्या होत्या, दहा मुलींच्या आणि एक माझी. वाटून झाल्या तेव्हा माझ्या हातात दोन उरल्या. मी पुढं पाहिलं, मागं पाहिलं. मागच्या मुली म्हणाल्या, "ती तुमच्याजवळ पुढं बसली आहे ना? सकाळी म्हणाली होती." मी माझ्या शेजारच्या जागेकडं पाहिलं. ती रिकामी होती.

 मी ड्रायव्हरच्या खांद्यावर थापा मारत राहिले, शेवटी एका मुलीनं ओरडून त्याला बस वळवायला सांगितलं. परतीच्या त्या वाटेवर मला भाताची शेतं दिसली नाहीत, माडांच्या रांगा दिसल्या नाहीत. फक्त तिच्या आईचा हात दिसत होता. मुलगी सापडली नाही तर काय, या विचारापर्यंत मी जाऊच शकले नाही. सापडली तरी काकाच्या कानावर जाईल, आणि तिचं शिक्षण, खेळ, सगळं आजच संपेल, इथंच माझं डोकं अडकलं होतं. मी सोडला होता तो हात, एका ड्रायव्हरशी भांडण्याच्या नादात.

छत्रापाशी पोचलो तेव्हा पुरता अंधार पडला नव्हता. बसच्या दिव्यांचा उजेड ओसरीवर पडला. ती ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. गुडघ्याला ओला रुमाल बांधलेला. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. एक हात मांडीवर आणि दुसरा बाजूला, दगडावर उताणा पडलेला.

मी धावत गेले, तिला छातीशी धरलं, आणि मग एक थप्पड दिली, माझा स्वभावच तसा. ती चकित होऊन माझ्याकडं बघत राहिली. "काय झालें टीचर? आत्तां तर उठून गेलां. मी समजलें, बसला हांक मारावयास गेलां."

"कोण उठून गेलं?"

"तुम्हीच कीं. एवढा वेळ येथेंच होतां. माझा हात धरून बसलां होतां. बोललां नाहीं काहीं, नुसती शिटीची दोरी बोटास गुंडाळीत होतां."

 मी खाली पाहिलं. ओसरीखालच्या धुळीत, ती बसली होती तिथंच शेजारी, कॅनव्हासच्या बुटांचे दोन ठसे होते. डाव्या टाचेवर चीर. तिथपर्यंत येणारी पावलं नव्हती आणि तिथून जाणारीही नव्हती. ते कोणाच्या नजरेस पडायच्या आत मी त्या ठशांवर उभी राहिले आणि पायांनीच ते पुसून टाकले. माझे बूट त्यात तंतोतंत बसले.

बसमध्ये मी सगळ्या मुलींना सांगितलं, की झाल्या प्रकाराची वाच्यता करायची नाही. कोणी केली नाही. आज साठ वर्षांनीही मला त्या नऊ जणींबद्दल अभिमान वाटतो. गल्लीत पोचलो तेव्हा तिची आई दारात उभी होती, हातात दिवा. मी तोंड उघडलं. सगळं सांगायचंच असं ठरवून आले होते. पण मुलगीच आधी बोलली. "अम्मा, मी पडलें. पण टीचरनीं माझा हात सोडला नाहीं."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला आत बोलावून कॉफी दिली, आणि ती मी प्यायले. दुसरी कोणी असती तर तिथंच पाय धरून खरं बोलली असती. मी गप्प बसून, पेला खाली ठेवून, घरी आले. काकाला कळलं नाही, मुलगी कॉलेजात राहिली, खेळत राहिली. माझं गप्प बसणं तिच्या भल्याचंच झालं असं कितीदा स्वतःला समजावलं, पण मला ते कधी पटलं नाही. आपला हक्क नसलेल्या कौतुकाची लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या घरात कळलं, आणि पुढं कित्येक वर्षं मी त्या दारावरून जाताना मान खाली घालत असे.

त्यानंतर मी मोजणं सोडलं. दोन मुलींना ते काम दिलं, त्या एक, दोन, तीन असं साधं मोजायच्या. लाभाची जागा ठेवणं बंद झालं, तिथं सामान ठेवायला लागलो. मैदानावरचे ठसेही त्या दिवसापासून दिसेनासे झाले. मी रोज पहाटे लवकर जाऊन पाहायचे. सारखी केलेली लाल माती, दुसरं काही नाही. जिची इतकी भीती वाटली होती, तिची मी वाट पाहू लागले होते. ती ओरत्तनाडूलाच राहिली, मीच तिला तिथं पायांनी पुसून टाकलं, असं मनात यायचं.

ती मुलगी पुढं मद्रासला शिकून आली, माझ्यासारखीच. तिच्या आईनं तिला स्वतः जाऊन गाडीत बसवलं. साठ सालानंतरची पाचसहा वर्षं गेली, माझे गुडघे गेले, आणि विद्यापीठानं विचारलं तेव्हा मी संघ तिच्या हाती द्यायला सांगितलं. तिचा पहिला दौरा पट्टुकोट्टैकडंच निघाला. मी नको नको म्हणत असताना तिनं मला बळंच बसमध्ये बसवलं, पुढच्या बाकावर, खिडकीपाशी. माझ्या शेजारची जागा तिनं रिकामी ठेवली होती.

नवीन दहा मुली मागं चिवचिवत होत्या. सकाळची वेळ होती, राजवाड्याच्या मनोऱ्यावर ऊन आलं होतं. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर या जन्मी सांगून होणार नाही. मी तिचा हात धरला. म्हटलं, "तुझ्या आईला मी फसवलं. त्या दिवशी मी तुला सोडून गेले होते. ओसरीवर मी नव्हते, मी बसमध्ये होते."

"मज ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी पाणी उरकून पुढें आलें तेव्हां बस निघाली होती. खिडकींत तुम्ही दिसलां, ड्रायव्हरला बोलत होतां. मी हांक मारणार तोंच कोणीं माझा हात धरला. वळून पाहिलें, तर तुम्हीच. खिडकींतली नजरचूक वाटली; परत बसमध्यें चढल्यावर उमजलें."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? आईला तसं का सांगितलंस?"

"खरें तेंच सांगितलें. टीचरनीं हात सोडला नाहीं."

 ती उभी राहिली, पुढं वाकली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "लाभ." मग तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. "दोन." आणि मुलींच्या डोक्यांवरून तीन, चार, पाच मोजत ती मागं गेली.

मी त्या जागेकडं पाहायचं धैर्य केलं नाही. साडीचा पदर आवरला, खिडकीकडं थोडी सरकले आणि शेजारचीला नीट बसायला जागा करून दिली. मी दिलेला शब्द तिनंच पाळला होता. शिटी वाजली, बस सुटली, आणि माझा बाकावर टेकलेला हात कोणीतरी हळूच हातात घेतला.